जपानच्या बादशहाचं मानपत्र

माझ्या तोंडात उजवीकडे खाली, न किडलेली, ऊस सोलायला पहिल्या प्रतीची अशी एक दाढ होती, तेव्हाची ही हकिगत आहे. घरातली मंडळी ती हसत हसत सांगतात. लग्नाच्या पंगतीत, बारशात, अगदी दहाव्याला नदीवर बसल्यावरसुद्धा कोणीतरी म्हणतं, "ती चिनी डाक्टरची गंमत सांगा की," आणि मग जो तो आपापलं तिखटमीठ लावतो. मी तिथे हसत नाही. ज्याची दाढ गेली आणि ज्याची गादीही गेली, त्याला हसू कुठून येणार? म्हणून एकदाची ती माझ्या बाजूनं लिहून ठेवतो. ज्यांना पटणार नाही त्यांनी आपापल्या दाढा चाचपून बघाव्यात.

आमचं दुकान उंब्रजला, मोठ्या रस्त्याला लागून. पुढे दुकान, मागे घर, आणि दोन्हीच्या मध्ये एक भिंत, जिला भिंत म्हणायचं एवढंच. कारण दुकानातला माल घरात आणि घरातलं भांडण दुकानात सहज जात-येत असे. गूळ, हळद, शेंगा आणि मिरची हा आमचा व्यापार. सकाळी जाग यायची ती आईच्या जात्याच्या घरघरीनं, पाठोपाठ तात्यांचं खाकरणं, मग काट्याच्या साखळ्यांची खळखळ, आणि मग रस्त्यावरून जाणारी कोळशावरची सर्व्हिस मोटार, जी चढाला दम्याच्या म्हाताऱ्यासारखी उभी राहायची. मिरचीच्या दिवसांत सगळं घर शिंकत असे. आमच्यात शिंकेला कोणी अपशकुन मानला नाही. मानला असता तर घरातून एकही माणूस कधी बाहेर पडला नसता. खायला सकाळी शिळी भाकरी आणि काकवी, दुपारी गरम भाकरी आणि खर्डा, आणि बाजाराच्या दिवशी आईला उसंत नसली की भाजलेल्या शेंगा आणि गूळ, ज्याला ती "फराळ" असं भारी नाव द्यायची. अजूनही माझ्या घरी सुना नाना तऱ्हेचं करतात. मी मुकाट्यानं खातो आणि मग हळूच शेंगांच्या पोत्याकडे जातो.

तात्या म्हणजे माझे वडील. काटक, कमी बोलणारे, आणि त्या टापूत हत्त्याचे उस्ताद. हत्ता म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. त्या काळी बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करत. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. वर चेहरे असे, जणू दोघं मयताला आलेत. खाली मात्र घमासान चाललेलं. तात्या म्हणायचे, तोंडानं बोललेलं गावाचं, हातानं बोललेलं दोघांचं. सांगलीच्या हळदीच्या बाजारात कानडी बोलणारे व्यापारी येत, गुजराती येत, मारवाडी येत. तात्यांना कानडी येत नव्हतं आणि त्या लोकांना तात्यांचं मराठी समजत नव्हतं, तरी वर्षानुवर्षं व्यवहार बिनतक्रार चालले. मी हे तात्यांच्या मांडीवर शिकलो. आईकडे भाकरी मागतानासुद्धा मी तिच्या पदराखाली हात घालून दोन बोटं धरायचो. ती एकच दाबून परत करायची. शेवटी दीडवर तोडगा निघायचा.

मिसरूड फुटेपर्यंत दुकानाचा निम्मा भार मी उचलला होता. गुळाची ढेप नुसती ठोकून आतला ओलावा सांगणं, हळकुंड मोडून त्याचा रंग बघणं, शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याला घरी जायची घाई किती ते ओळखणं, हे मला येत होतं. राग मात्र नाकावर होता, तो कबूल. एकदा एका गिऱ्हाइकानं माझ्या हळदीला "पांढरी" म्हटलं, तेव्हा मी मूठभर घेऊन त्याच्या धोतराला पुसली आणि विचारलं, आता सांग कसली हाय. तो धोतर बदलायला गेला तो परत आलाच नाही. पण असे किती? दहांतला एखादा. बाकीचे घाबरून का होईना, येत होते.

आता दाजी. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. पलटणीत हवालदार. दुसरी मोठी लढाई संपली, बाकीच्या गावांत पोरं परत आली, पण दाजींच्या पलटणीला हरलेल्या जपानात बंदोबस्ताला नेलं. अक्का तोवर आमच्याकडेच होती. दाजी आले तेव्हा थेट सासुरवाडीलाच उतरले. अंगानं भरलेले, गालांवर तकाकी, मिशीला पीळ. लढाईवरून आलेला माणूस इतका गुबगुबीत कसा, असा प्रश्न मला पहिल्या दिवशीच पडला होता. पण आईनं दृष्ट काढायला घेतली आणि प्रश्न धुरात गेला.

त्यांनी ट्रंक उघडली. आईला एक पंखा, तात्यांना एक काडेपेटी, मला एक रिकामी बाटली. आणि सगळ्यात खालून त्यांनी एक निळाभोर जाड कपडा काढला, दोन्ही हातांनी, जसं देव्हाऱ्यातून कोणी देव काढावा. उलगडला तर बाजेएवढा रुंद. वर काठी घालायला कापडाचे बंद. मधोमध खालपासून निम्म्यापर्यंत चिरलेला. आणि चिरेच्या दोन बाजूंना एकेक पांढरं अक्षर, परातीएवढं, रेघांवर रेघा, चौकटीत चौकटी. खाली कोपऱ्यात शेवया सांडल्यासारखी काही बारीक अक्षरं.

तात्यांनी विचारलं हे काय. दाजी जरा थांबले. हे थांबणं मला त्यांच्याकडून शिकायला हवं होतं. मग म्हणाले, "मानपत्र. जपानच्या बादशानं दिल्यालं."

कशाबद्दल, ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. शूर माणूस स्वतःच्या तोंडानं सांगत नसतो, असं अक्का म्हणाली. अक्षरांवर बोट ठेवून त्यांनी वाचून मात्र दाखवलं. डावीकडचं "शूर" आणि उजवीकडचं "हवालदार". मी विचारलं, मधे फाटलंय कशानं? दाजींनी मान खाली घातली आणि म्हणाले, "तलवारीचा वार हाय त्यो." आईनं कुंकवाचा करंडा आणला आणि दोन्ही अक्षरांना एकेक बोट लावलं.

पुढचे काही महिने आमचं दुकान दुकान राहिलं नाही, जत्रा झाली. तात्यांनी तो कपडा गादीच्या मागे काठी घालून टांगला. बाजाराला आलेली माणसं बैल सोडून आधी मानपत्र बघायला यायची. बायका लेकरं घेऊन यायच्या आणि लेकरांची डोकी त्या कपड्याला टेकवायच्या. न्हावी दाजींची दाढी फुकट करायचा आणि वर स्वतःच पान द्यायचा. कुस्त्यांच्या फडात दाजींना पुढची जागा. इस्लामपूरच्या एका लग्नात तर नवरदेवाला सोडून लोक दाजींना ओवाळायला लागले, असं ते स्वतःच सांगत आले. दाजी रोज नवं काही सांगत. ते जपानीत "इची, नी, सान, शी, गो" असं पाचपर्यंत मोजून दाखवत, आणि लोक तोंडात बोट घालत, जणू पाचपर्यंत मोजणं ही आपल्याकडे अशक्य गोष्ट होती.

मला खटकलं ते दुसरंच. एका पेन्शनर सुभेदारासमोर दाजींनी तीच अक्षरं "मराठ्यांची तलवार" अशी वाचली. एका माळकरी बुवांसमोर "देवमाणूस" अशी वाचली. मी मापाचा माणूस. मापट्यात किती मावतं हे मला ठाऊक. दोन अक्षरांत एवढा माल मावतो कसा? मी अक्काला विचारलं तर ती म्हणाली, "तुला बघवत न्हाई बघ." हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे आणि दर वेळी माझं खरं होतं.

आणि मग एक दिवस जेवताना तात्यांनी सांगितलं की त्यांचे गुडघे आता मांडी घालू देत नाहीत, आणि येत्या दिवाळीच्या पाडव्याला दुकानाच्या गादीवर दाजी बसतील. मी हाताखाली बघेन. माझा घास हातातच राहिला. बारा महिने पोती मी वाहायची, सांगलीला कडाक्याच्या उन्हात मी जायचं, आणि गादीवर बसायचं कोणी, तर ज्याला हळद आणि हळकुंड यांतला फरक अक्कानं शिकवला त्यानं! मी ताटावरून उठलो. तात्या शांतपणे म्हणाले, "सदा, तू भाव चांगला करतोस. पन गिऱ्हाईक तुला भितं. दाजींकडं आपनहून येतंय."

त्या रागाच्या भरात मला सांगलीची ती पाटी आठवली. बाजारातून पलीकडे वळलं की एका चिनी दातांच्या डॉक्टरचं दुकान होतं. चिनी लोक तेव्हा कुठे दात बसवायचे, कुठे रेशमी कापड विकायचे. त्याचं कोणाला नवल नव्हतं. त्याच्या पाटीवर एक भला मोठा जबडा रंगवलेला होता, लालभडक, बघूनच दुखायला लागावं असा, आणि जबड्याखाली बाळबोधात नाव होतं आणि त्याखाली अक्षरं. रेघांवर रेघा, चौकटीत चौकटी. दाजींच्या कपड्यावर होती त्याच जातीची. हळदीच्या पोत्यांसोबत येताजाता मी ती पाटी शंभरदा बघितली होती. म्हणजे हा माणूस ते मानपत्र वाचू शकेल, असा माझा हिशेब.

पाडव्याच्या आधी हळद घेऊन आम्ही तिघं सांगलीला गेलो. आडतीवरच्या लोकांना मानपत्र बघायचं होतं, म्हणून दाजींनी ते गुंडाळी करून काखेत घेतलं होतं. व्यवहार आटोपला. आता तात्यांना आणि दाजींना त्या दुकानात न्यायचं कसं? सरळ सांगितलं असतं तर दाजी ठामपणे दुसऱ्या रस्त्यानं गेले असते. म्हणून मी गालाला हात लावला आणि कण्हायला सुरुवात केली. मी चांगला कण्हतो. भाव पाडताना त्याचा फार उपयोग होतो. तात्यांना माझी दया आली. दाजींनी जबड्याची पाटी बघितली, तिच्याखालची अक्षरं बघितली, आणि त्यांचा चेहरा एकदम हळकुंडासारखा झाला. ते बाहेरच थांबतो म्हणाले. तात्या म्हणाले, आवं उनात कशाला, आत सावलीला बसा.

आत एक कानडी व्यापारी सुजलेला गाल धरून बाकावर बसला होता. चिनी डॉक्टर बुटका, चष्मेवाला, आणि माझ्याहून तापट निघाला. त्यानं मला खुर्चीत ढकललं, जबडा उघडला, एकेक दाढ चिमट्यानं ठोकली आणि हिंदीत म्हणाला, "कौन बोला दर्द है? ये दाँत तुमसे जास्ती जियेगा।"

मी त्याला डोळा घातला. त्याला वाटलं माझ्या डोळ्यातही काही बिघाड आहे. तात्या उठायला लागले. ते उठले असते तर सगळंच गेलं असतं, म्हणून मी पुन्हा कण्हलो. आणि इथे दाजींनी डाव साधला. त्यांच्या लक्षात सगळं आलेलं होतं. ते पलटणीच्या हिंदीत म्हणाले, "डाक्टरसाब, निकालो. लडका सुबे से तडफता हय."

डॉक्टरनं मला विचारलं, निकालूँ? आता नाही म्हणावं तर खोटा ठरतो, हो म्हणावं तर दाढ जाते. तात्या माझ्याकडे बघत होते. गादी डोळ्यांसमोर आली आणि मी मान हलवली. पुढचं मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की ती दाढ निघायला तयार नव्हती, डॉक्टरनं माझ्या छातीवर गुडघा टेकवला, आणि कानडी व्यापारी आपलं दुखणं विसरून बघत बसला. शेवटी ती वाटीत पडली तेव्हा मोत्यासारखी चमकत होती. डॉक्टर म्हणाला, "देखो, मैंने बोला था।" आणि त्यानं माझ्या तोंडात कापसाचा बोळा कोंबून सांगितलं की आता घरी जाईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही.

म्हणजे ज्या तोंडानं विचारायचं ते तोंडच बंद. मी खुर्चीतून उडी मारली, दाजींच्या काखेतली गुंडाळी ओढली आणि डॉक्टरच्या टेबलावर उलगडली. डॉक्टरनं चष्मा पुसला. आपला सदरा शेजाऱ्याच्या पोराच्या अंगावर बघावा तशा नजरेनं त्यानं ती अक्षरं बघितली आणि म्हणाला, ये जापानी माल है.

तात्यांनी विचारलं, वाचता येतं का? डॉक्टर तोंड उघडतो तोच दाजी मधे पडले. तात्या, त्यो चिनी, हे जपानी. दोघांचं हाडवैर. आणि त्याला जपानी येतं का, हे आधी विचारा. तात्यांनी विचारलं. डॉक्टर अभिमानानं म्हणाला, "एक लफ्ज नहीं।"

दाजी नुसते हसले. तात्यांनी खांद्यावरचं उपरणं झटकलं. ज्याला भाषाच येत नाही तो वाचणार काय, असं म्हणून ते दाराकडे वळले. मी बोळ्यातून ओरडलो, पण बाहेर फक्त "ऊं ऊं" आलं. दाढ गेली, गादी चालली, आणि बोलता येत नाही. माणसाला राग आला की त्याला हातच आठवतात. मी तात्यांचं उपरणं ओढलं, डॉक्टरच्या हातावर टाकलं आणि खाली त्याचा सगळा पंजा धरला. भुवयांनी विचारलं: किती?

डॉक्टर गोंधळला. मग म्हणाला, "वू।" त्याच्या भाषेत पाच.

मी तेच उपरणं कानडी व्यापाऱ्याच्या हातावर टाकलं आणि पंजा धरला. त्याला काही सांगावं लागलं नाही. सुजल्या गालातून तो म्हणाला, "ऐदु." मग मी वळून दाजींचा पंजा धरला. आणि महिनोन्‌महिने लोकांसमोर मिरवून मिरवून जी सवय जडली होती, तिनं घात केला. दाजी रुबाबात म्हणाले, "गो!"

तात्यांच्या हाताला मी हात लावायच्या आधीच ते पुटपुटले, "पाच." आणि परत येऊन बाकावर बसले.

बराच वेळ ते आपल्या हाताकडे बघत राहिले. चाळीस वर्षं हत्ता केलेला माणूस. त्याला हे समजायला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती. म्हणाले, "म्हंजी आवाज ज्याचा त्याचा. पंजा सगळ्यांचा एकच. तसंच का हे?"

डॉक्टर एवढा खूष झाला की त्यानं तात्यांसाठी चहा मागवला. म्हणाला, अगदी असंच. आमचं अक्षर कानासाठी नसतं, डोळ्यासाठी असतं. जपानी माणूस बोलला तर मला काही कळत नाही, पण त्यानं लिहिलं तर निम्मं कळतं. कोरियावाले, अनामवाले म्हणजे आताचे व्हिएतनामवाले, सगळ्यांनी पूर्वी आमच्याच अक्षरांवर शहाणपण कमावलं. किताबें ले गए, पूजा-पाठ ले गए, चाय पीना भी ले गए. तात्यांनी गंभीरपणे विचारलं, मग भाडं काय घेता? डॉक्टर म्हणाला, काही नाही. तात्यांनी कीव आल्यासारखी मान हलवली. खरं सांगतो, चीनच्या बादशहाच्या जागी मी असतो तर अक्षरामागे वर्षाला एक पोतं तांदूळ घेतला असता, आणि रेघा जास्त असतील त्या अक्षराला जास्त. फुकट दिलेल्याची जगात किंमत राहत नाही, हे मी दाढ देऊन शिकलो आहे.

मग डॉक्टरनं उजवीकडून वाचायला सुरुवात केली. दाजी इतके दिवस डावीकडून वाचत होते. त्यानं पहिल्या अक्षराचे दोन तुकडे करून दाखवले. वरची चौकट, मधे आडवी-उभी रेघ, म्हणजे बांध घातलेलं शेत. खाली आहे ते जोर, ताकद. शेतात जोर लावतो तो. मतलब, मर्द.

तात्यांनी मांडीवर थाप मारली. हे लोक आपल्यातलेच दिसतात, म्हणाले. दाजींच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. मर्द म्हणजे शूरच की, त्यांनी पटकन सांगितलं. मी धुमसत होतो. दाढ देऊन मी त्यांचंच खरं करून दिलं की काय?

"और दूसरा," डॉक्टर म्हणाला, "गरम पानी।" डावीकडचे हे तीन थेंब पाण्याचे. आमच्याकडे आता याचा अर्थ रस्सा असा करतात, पण जुन्या पोथ्यांत गरम पाणी, आणि जपान्यांनी तो जुनाच अर्थ धरून ठेवलाय. घेणाऱ्यानं माल जपून ठेवला, देणाऱ्यानं बदलला.

तात्यांनी दोन्ही एकत्र केलं. "मर्दाचं गरम पानी?"

डॉक्टर म्हणाला, हमामखाना. सार्वजनिक न्हाणी असते ना, एका दारावर मर्द, दुसऱ्यावर औरत. हा पुरुषांच्या दारावरचा पडदा. चीर आहे ती आत शिरायला. कानडी व्यापारी हसायला लागला आणि हसता हसता गाल धरून विव्हळायला लागला. खालच्या कोपऱ्यातल्या शेवया मात्र डॉक्टरला वाचता आल्या नाहीत. ती जपान्यांची घरची अक्षरं, म्हणाला, आमची मोडून, सोलून, त्यांनी आपल्या बोलीतल्या प्रत्ययांच्या शेपट्यांसाठी केलेली; बहुतेक न्हाणीवाल्याचं नाव असेल. मी लगेच त्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं, मग वाटीतल्या दाढेकडे, मग माझ्या तोंडाकडे. काम निम्मंच झालंय, तर निम्मी परत बसवून द्या. डॉक्टरनं मला हाकलून दिलं.

परतीच्या मोटारीत आम्ही चढलो. दाजी खिडकीबाहेर बघत होते. मी जिंकलो होतो, फक्त ते तोंडानं म्हणायचं राहिलं होतं. इस्लामपूरला मोटारीनं पाणी प्यायला मुक्काम टाकला, आणि आम्ही एका हाटेलात बसलो. माझ्यासमोर भज्यांची ताटली आली आणि मला खाता येत नव्हती. तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "दाजी, ह्यो पडदा कितीला पडला?"

दाजींनी कपातला चहा बशीत ओतला. मग हळू आवाजात म्हणाले, "लोणच्याच्या बरणीला."

कुठल्या लोणच्याच्या? अक्कानं बरोबर दिलेल्या. मी ते लोणचं चाखलं होतं. त्यात मेथी जळलेली आणि तेल जुनं. आमच्या घरातली मांजरसुद्धा त्या बरणीला वळसा घालून जायची. ते दोन समुद्र ओलांडून आणखी खवट झालं होतं. न्हाणीवाल्यानं वास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, त्याला वाटलं फार जालीम औषध आहे, आणि त्यानं कमरेत वाकून पडदा काढून दिला. आणि मानपत्र? कराडला गाडीतून उतरल्यावर तिकीट मास्तरनं विचारलं, काय आणलंय. पडदा म्हणायची लाज वाटली म्हणून तोंडातून मानपत्र निघून गेलं. मग पुढं ते मागं घेता येईना. लोकच विचारत गेले, आणि दाजी नको म्हणाले नाहीत.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी वाट बघत होतो की आता ते घरी पोचताच दाजींची ट्रंक मोटारीच्या टपावर टाकायला सांगतील. त्यांनी माझी भज्यांची ताटली उचलली आणि दाजींच्या पुढे सरकवली.

"सदा," ते म्हणाले, "जळक्या मेथीचं लोणचं ह्या मानसानं परदेशात विकलं. वर न्हाणीचा पडदा आणून पाच गावांस्नी त्याच्यापुढं डोकं टेकवाय लावलं. एक सबूद चढा न्हाई, कुनाच्या धोतराला हळद न्हाई. गादीवर असा मानूस पायजे रं."

मला बोलायचं होतं ते आजही पुरतं बोलून झालेलं नाही. त्या वेळी तोंडात बोळा होता, आणि तो काढेपर्यंत दाजींनी पहिलं भजं खाल्लं होतं.

पाडव्याला दाजी गादीवर बसले. मागे पडदा. आईनं आधी दुकानाला ओवाळलं, मग त्यांना. मी बाहेर रस्त्यावर उभा होतो, जखम भरलेली, तोंड मोकळं, आणि ठरवलं होतं की येईल त्याला सांगायचं. दुपारच्या मोटारीनं मी सांगलीला जाणार होतो, स्वतःच्या पायावर उभं राहायला, ते कायमचंच. जायच्या आधी हिशेब चुकता करून जायचं होतं. पहिला आला तो न्हावी. त्याला मी बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं: चिनी डॉक्टर, शेत, जोर, तीन थेंब, पुरुषांची न्हाणी, लोणचं, सगळं. त्यानं नीट ऐकलं. मग वाकून दुकानात डोकावला, त्या दोन अक्षरांकडे बराच वेळ बघितलं, आणि पायांतल्या वहाणा काढल्या.

"असंल, न्हाणीचा असंल," तो म्हणाला. "पन बादशाच्या न्हाणीचा असंल की."